बिरागोची सकाळची बोटं

बिरागोच्या हातचं मी बिनधास्त खात असे. त्या घरात एवढं धाडस माझ्या एकटीतच होतं, पण त्यात शूरपणा काही नव्हता. आसान्ते लोकांचं एक पक्कं मत आहे की चेटकीण खाते ती आपल्याच आईच्या कुळातल्या माणसाला. परक्या कुळातल्याचा केसही तिला वाकडा करता येत नाही. मी पडले फान्ती, समुद्रकाठची, एफिद्वासेच्या बाजारात धुरावलेली मासळी विकणारी, आणि त्या घरात मागच्या खोलीची भाडेकरीण. तेव्हा बिरागो चेटकीण असलीच, तरी माझ्या वाडग्यातल्या सूपाला धोका नव्हता.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मासळीच्या धंद्यात केस पांढरे झाले. ‘ताजा आहे, ताई’ असं कुणी म्हटलं की मी आधी कल्ला उचलून बघते. माणसांचंही मी तसंच करते. पण त्या घराने जो संशय धरला, तो पाहून माझ्यासारखीलाही तोंडात बोट घालावं लागलं.

बिरागो काळा साबण करायची. कोकोच्या शेंगांची सालं जाळून त्यांची राख, पाम तेल, मोठी कढई, आणि दिवसभर ढवळणं. साबण थंड झाला की हाताने मळून गोळे वळायचे. तिचा साबण लावून आंघोळ केलेलं मूल बाजाराच्या दुसऱ्या टोकाला उभं राहिलं तरी तिला वासावरून ओळखू यायचं, अशी ती बढाई मारायची. तिच्या वासाचं मला माहीत नाही, पण साबण चांगला होता. मी त्यात कधी खोट काढली नाही म्हणजे बघा.

तिला मूलबाळ नव्हतं. तरुणपणी लग्न झालं होतं, दर महिन्याला पोट धरून जमिनीवर गडबडा लोळायची, पोटावर गरम फडकी ठेवायची. नवऱ्याने वाट बघितली आणि मग दुसरीकडे घरोबा केला. ती आपल्या आईच्या घरी परत आली. तेवढ्यात तिची धाकटी बहीण वारली आणि बहिणीची पोर, डुफी, हिच्या पदरात पडली. तिकडे आईच्या बहिणीला वेगळं नाव नाही, तीही आईच. डुफी तिला ‘इना’ म्हणायची, म्हणजे आई, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. माय मरो, मावशी जगो म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पोरीला शिवणकाम शिकवलं, मशीन घेऊन दिलं, लग्न लावून दिलं. साबणाच्या कढईतून बिरागोने एक अख्खं माणूस उभं केलं.

पण तिची बोटं. कधीतरी चाळिशीनंतर तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागले, आणि हळूहळू बोटं वाकडी होत गेली. त्यातली विचित्र गोष्ट अशी की सकाळी ती उठायची तेव्हा दोन्ही मुठी गच्च मिटलेल्या असायच्या. फटफटायच्या आत उठून ती चूल पेटवायची, पाणी गरम करायची आणि त्यात हात बुडवून बसायची. बोटं एकेक करून सुटायची. दुपारपर्यंत हात पुष्कळसा उघडायचा. मग ती फुफूला बसायची, म्हणजे उकडलेला कसावा कुटून त्याचा मऊ गोळा करायला. डुफी उखळात मुसळ घालायची आणि बिरागो गोळा फिरवायची. बोटं पुरती उघडत नाहीत म्हणून गोळा ती तळव्याच्या टाचेने गुळगुळीत करायची. तिच्या फुफूवर बोटांचे ठसे नसायचे, एक रुंद चपटा दाब असायचा.

डुफीचं लग्न ओपोंगशी झालं. तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा, आणि बोलायचा इतका कमी की रेडिओच त्याच्या वाटचं बोलतो असं मी म्हणायची. आसान्त्यांच्या रिवाजाप्रमाणे तो आपल्या आईच्या घरी आणि डुफी आपल्या. संध्याकाळी डोक्यावर जेवणाचं भांडं घेऊन ती नवऱ्याकडे जायची. वर्षं गेली. पोट काही राहिलं नाही. आणि दर महिन्याला डुफीही जमिनीवर लोळायला लागली, थेट बिरागोसारखी.

आता घराची अडचण समजून घ्या. मूल आईच्या कुळाचं. घराचे कर्ते वोफा द्वोमो, बिरागोचा भाऊ, डुफीचा मामा; वोफा म्हणजे मामाच. त्यांना मुलं भरपूर, पण ती सगळी त्यांच्या बायकांच्या कुळाची. बिरागो वांझ. डुफीची आई गेलेली. म्हणजे त्या घराचं नाव पुढे चालायचं ते एकट्या डुफीच्या पोटातून. ती कोरडी राहिली की वोफा द्वोमो मेल्यावर दाराला कुलूप.

मी आधी ओपोंगवर संशय घेतला. गप्प माणसाचा मला भरवसा नाही. मग शेजारणींनी डुफीवर घेतला.

“शाळेत असताना काहीतरी पाडलं असेल,” एक म्हणाली.

“तुला बरं ठाऊक! तू धरून बसली होतीस का?” मी म्हटलं.

मग वोफा द्वोमो डुफीला एका प्रार्थनेच्या तळावर घेऊन गेले. तिथला प्रॉफेट डोळे मिटून थरथरला आणि म्हणाला, “मला एक बाई दिसते. तुझ्या आईच्या घरातली. तिच्या मुठी मिटलेल्या आहेत. त्या मुठीत तुझं गर्भाशय आहे.”

आता त्या प्रॉफेटला मुठी दिसल्या कशा, हे मला वोफांच्या नव्या बुटांना लागलेल्या तिथल्या मातीकडे बघूनच कळलं. ते आदल्या आठवड्यात त्याच तळावर दोनदा जाऊन आले होते आणि बिरागोची खोली घराच्या पुढच्या बाजूला होती, वाऱ्याची; तिच्यावर त्यांचा केव्हाचा डोळा होता. चोराच्या मनात चांदणं. पण भाडेकरणीने हे बोलायचं कुणाकडे?

डुफीने त्या संध्याकाळी बिरागोच्या हातचं खाल्लं नाही. म्हणाली, पोटात दुखतंय. दुसऱ्या दिवशीही पोटात दुखलं. तिसऱ्या दिवशी ती मशीनवर बसल्या बसल्या आंबवलेल्या मक्याचं केंके विकत आणून खाताना मला दिसली. बिरागोने तिचा वाडगा झाकून ठेवला होता. तो तिने रात्री माझ्यापुढे सरकवला.

“फान्तिणी, तू खा. तुला काही होत नाही.”

ती हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही. ज्या पोरीला तिने घास भरवून मोठं केलं, ती आता तिच्या घासाला भीत होती. बिरागोला गमावण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती डुफी होती.

मग मीच डुफीला कुमासीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. ओपोंगने भाडं हातात ठेवलं. डॉ. सेचेरे नावाची बाई होती, पन्नाशीची, चष्मा कपाळावर. तिने तपासलं, पोटाचा फोटो काढला, आणि आम्हाला समोर बसवलं.

“गर्भाशयाच्या आत एक अस्तर असतं,” ती म्हणाली. “ते दर महिन्याला गळतं. तसलंच अस्तर हिच्या पोटात भलत्याच जागी रुजलंय. अंडाशयावर, आतड्याच्या बाजूला. तेही दर महिन्याला रक्त गाळतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. म्हणून दुखतं, म्हणून आतलं सगळं एकमेकांना चिकटतं.”

“हे तिथे गेलं कसं?” मी विचारलं. “कुणी ठेवलं?”

“कुणी ठेवलं नाही. कसं गेलं ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण पुष्कळ बायकांच्या अंगात थोडंफार असं भलतीकडे जातच असेल. अंगातले पहारेकरी ते साफ करून टाकत असतील. हिच्या अंगात ते साफ करत नाहीत, उलट तिथे नुसता जाळ करून ठेवतात. आणि असल्या काही बायकांमध्ये हे पहारेकरी स्वतःच्याच अंगाला शत्रू समजायला लागतात. मूल न राहण्यात त्याचाही वाटा असावा असं दिसतं. नक्की किती, ते मी सांगू शकत नाही.”

‘मला माहीत नाही’ असं म्हणणारा डॉक्टर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. कुंपणच शेत खातंय म्हणायचं, मी मनात म्हटलं.

मग डॉक्टरने सहज विचारलं, “तुझ्या घरात, आईकडच्या बाजूला, कुणाला सांध्यांचा आजार आहे का? गळ्याची गाठ, अंगावर पांढरे डाग? असल्या आजारांचं कधी कधी घरात येणं-जाणं असतं.”

डुफीचा चेहरा राखेसारखा झाला. “माझ्या इनाची बोटं वाकडी आहेत,” ती म्हणाली. “सकाळी मिटलेली असतात.”

“सकाळी? आणि दुपारी सुटतात?” डॉक्टर पुढे झुकली. “त्यांना घेऊन ये. मला बघायचंय त्यांना. लवकर आण.”

झालं. डॉक्टरला त्या बाईच्या हातांची काळजी वाटली होती, एवढंच. पण डुफी घरी पोचली ती वेगळंच घेऊन. अंगणात वोफा द्वोमो कोलाची बी चघळत बसले होते. तिने सगळं सांगितलं आणि त्यांनी मांडीवर थाप मारली.

“बापाच्या बाजूचं विचारलं का तिने?”

“नाही.”

“नवऱ्याच्या बाजूचं?”

“नाही, वोफा. आईच्या.”

“बघ! शिकलेली बाई आहे, कोट घालते, पण आहे तर आपलीच. तोंडाने बोलत नाही, वळणाने विचारते. आईच्या बाजूला शोध म्हणाली. आणि हात ऐकल्याबरोबर म्हणाली, घेऊन ये!”

“वोफा,” मी म्हटलं, “ती आजाराबद्दल बोलत होती. पहारेकऱ्यांबद्दल.”

“पहारेकरी! स्वतःच्याच घराला खाणारे पहारेकरी, असंच म्हणाली ना ती? मग त्यांना आमच्यात काय म्हणतात ते तुला ठाऊक नाही का? तुला चावणारा किडा तुझ्याच कापडात असतो, हे आमचे म्हातारे उगाच म्हणून गेले? अराबा, तू मासे विक.”

चौथं कुणी तिथे असतं तर हसलं असतं. मला नाही हसू आलं, कारण डुफी मान हलवत होती. ते गणित तिला पटलं होतं. दुसऱ्या गावात डॉक्टरने आईकडच्या आजाराबद्दल विचारलं असतं तर लोक घरी जाऊन आजीचा दमा आठवत बसले असते. इथे आईकडची बाजू म्हटली की एकच प्रश्न, खाणारी कोण.

आठवड्याभराने आम्ही तिघी कुमासीला गेलो. ट्रोट्रोत, म्हणजे भाड्याच्या गाडीत, डुफी पुढे ड्रायव्हरजवळ बसली. मागे बिरागोच्या शेजारची जागा रिकामी होती, तरी. बिरागोने ती जागा मला दाखवली आणि म्हणाली, “ये, फान्तिणी. तुझ्या कुळाला माझे दात लागत नाहीत.”

तेव्हा मला कळलं की तिला सगळं ऐकू आलं होतं.

डॉक्टरने तिचे हात उलटसुलट करून पाहिले, हळूच दाबले, रक्त घेतलं. पुढच्या खेपेला सांगितलं की हा सांध्यांचा आजार आहे, अंगातले पहारेकरीच सांध्यांवर तुटून पडलेत, रक्तात त्यांच्या खुणा सापडल्या. औषध दिलं, तपासणीला येत राहायला सांगितलं. “आणखी आधी यायला हवं होतं,” ती म्हणाली. “तुमचं पोटही तरुणपणी असंच दुखायचं का?”

“जमिनीवर लोळायची मी,” बिरागो म्हणाली. मग तिने विचारलं, “डॉक्टर, डुफीला हे माझ्याकडून गेलं का?”

“कुणी कुणाला दिलेलं नाही. एका घराच्या रक्तात कल असू शकतो, बस्स. तुमच्याकडे आलं, तिच्याकडे आलं. तुमचा दोष नाही.”

“पण एकाच रक्तातलं.”

“असू शकतं.”

बिरागोने मान डोलावली. हिशोब लागल्यासारखी ती मान डोलावणं मला मुळीच आवडलं नाही. परतताना मी तिला ट्रोट्रोत तीनदा विचारलं, काय झालं म्हणून. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

वोफांनी कुळाच्या म्हाताऱ्यांना अंगणात बोलावलं. बसायला लाकडी स्टूल, मध्ये दारूची बाटली, भिंतीला टेकून डुफी. बिरागोला उभं केलं. मी माझ्या दारात मासे निवडत बसले होते, आणि एकही मासा निवडला जात नव्हता.

वोफा घसा साफ करून सुरू करणार, तेवढ्यात बिरागोच बोलली.

“द्वोमो, फार लांबवू नको. मीच आहे.”



“काय मीच आहे?” वोफांनी विचारलं. त्यांनी भांडणाची तयारी केली होती, कबुलीची नाही.

“डुफीच्या पोटाचं. डॉक्टरने माझ्या रक्तात बघितलं. जे तिच्या पोटात, तेच माझ्या रक्तात. रात्री मी कुठे जाते ते मला ठाऊक नाही. मी तर झोपते. पण झोपलेल्याला काय ठाऊक असतं? रोज सकाळी माझ्या मुठी मिटलेल्या असतात. रात्रभर काहीतरी घट्ट धरून ठेवल्यासारख्या. मी इतकी वर्षं पाण्यात बुडवून त्या सोडवते. काय धरलं होतं, हे मी कधी बघितलं नाही.”

“अगं वेडे!” मी दारातून ओरडले. “ती डॉक्टर म्हणाली तुझा दोष नाही! तुझ्याच अंगाने तुझीच बोटं खाल्ली! तू चेटकीण असतीस तर आधी स्वतःला खाल्लं असतंस का?”

“अराबा,” एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “हे कुळाचं आहे.”

म्हणजे गप्प बस. मी भाडं भरत होते, मत नाही. मी डुफीकडे बघितलं. तिने एक शब्द बोलायचा होता. ‘इना’ एवढं जरी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. तेव्हा मला तिचा इतका राग आला की हातातला मासा मी तिच्यावर फेकला असता. भीतीने माणूस किती लहान होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

बिरागोला कोकोच्या मळ्यावरच्या खोपटात पाठवायचं ठरलं. ती स्वतःहून निघाली. साबणाची कढई डोक्यावर घेऊन पाहिली, पण बोटांनी कड धरवेना, तेव्हा ती तिथेच ठेवली. मी तिच्या गाठोड्यात डॉक्टरची औषधं कोंबली.

“घेत राहा,” मी म्हटलं.

“घेईन. मुठी सुटल्या तर सुटू देत.”

तिची खोली आठवड्यात वोफांच्या खुर्चीने भरली. मी फक्त सांगते आहे.

डुफीने मग ऑपरेशन करून घेतलं. पोटाला बारीक छिद्रं पाडून डॉक्टरने ते भलतीकडे रुजलेलं काढलं, चिकटलेलं सोडवलं. डुफी शुद्धीवर आल्यावर डॉक्टर तिला म्हणाली, “शक्यता वाढली, खात्री देत नाही.” मग विचारलं, “आणि तुझ्या इना तपासणीला का येत नाहीत?” डुफीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

वर्ष सरायच्या आत डुफीला दिवस गेले.

आता त्या घरात जे झालं ते सांगायलाच नको. प्रॉफेटने सगळ्या तळासमोर तिला उभं करून साक्ष द्यायला लावली. वोफा रस्त्यात भेटेल त्याला सांगायचे, “किडा कापडातून झटकला, आणि बघा.” कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, पण लोक कावळ्यावरच विश्वास ठेवून बसले. माझा सगळ्यात मोठा राग यावर होता की बिरागो परत यायचा रस्ता आता कायमचा बुजला. ती गेली नसती तर निदान भांडता आलं असतं.

मी डुफीला तिच्या मशीनपाशी गाठलं.

“मधे पोटाचं ऑपरेशन झालं होतं तुझं, विसरलीस?”

“नाही विसरले, आंटी.” ती सुईत दोरा ओवत होती, ओवला जात नव्हता. “मला कळतं. डॉक्टरचंच खरं असणार. पण समजा तिला परत आणली, आणि काही झालं तर? मग मी कुणाला काय सांगू? स्वतःला काय सांगू?”

ती रडायला लागली.  संशयाचं हेच तर आहे. तो खोटा आहे हे कळूनही माणूस त्याच्या बाजूनेच पाऊल टाकतो, म्हणे जपून.

मुलगी झाली, शनिवारची, म्हणजे पहिलं नाव ‘आमा’ ठरलेलंच. आठव्या दिवशी पहाटे बारसं. ओपोंगची माणसं आली, त्याच्या बाजूच्या एका म्हाताऱ्याने बाळाला मांडीवर घेतलं. थंडीची पहाट होती. मुलीच्या मुठी गच्च मिटलेल्या होत्या, सगळ्या तान्ह्या बाळांच्या असतात तशा. डुफी मात्र तिच्या बाजूला बसून एकेक बोट हळूच उघडून बघत होती आणि ते सोडलं की पुन्हा मिटत होतं. 

म्हाताऱ्याने बाळाच्या जिभेवर पाण्याचा थेंब टाकला. “पाणी म्हणशील तेव्हा ते पाणीच असू दे.” मग दारूचा. “दारू म्हणशील तेव्हा ती दारूच असू दे.” मग तो ओपोंगकडे वळला. “बापा, नाव काय?”

मूल आईच्या कुळाचं, पण नाव देण्याचा हक्क बापाचा. तो कुणाचंही देऊ शकतो, ज्याचा त्याला मान वाटतो त्याचं. वोफा द्वोमो पुढे सरसावून बसले होते. ओपोंग वोफांच्या आईचं नाव देईल असं त्यांनी धरलं होतं, मीही तेच धरलं होतं.

“आमा बिरागो,” ओपोंग म्हणाला.

कुणाच्या तरी हातातलं भांडं खाली पडलं. वोफा उठून उभे राहिले. “हे नाव या घरात चालायचं नाही.”

“वोफा,” ओपोंग म्हणाला, आणि एवढी वाक्यं मी त्याच्या तोंडून एका वेळी कधीच ऐकली नव्हती. “डुफी पडून असायची, त्या दिवसांतही माझं जेवण यायचं. दर महिन्याला. फुफूवर बोटांचे ठसे नसायचे, तळव्याचा दाब असायचा. डुफी म्हणायची मीच केलं. मी कधी विचारलं नाही. बिरागो गेल्यावर त्या दिवसांत मी उपाशी झोपलो. मूल तुमचं, नाव माझं. तुमची रीत तुम्हाला मोडायची असेल तर मोडा.”

कुणी मोडली नाही. म्हाताऱ्याने नाव तीनदा म्हटलं. ज्या नावाला त्या घरातून हाकलून लावलं होतं, त्याच नावाने आता रोज बाळाला हाक मारायची होती. या माणसावर मी इतकी वर्षं संशय घेतला होता. त्याचा कल्ला उचलून बघायचा राहूनच गेला होता.

मी निघताना डुफी माझ्यापाशी आली. “आंटी, मळ्यावर जाणार ना तुम्ही?” मी म्हटलं, जाणार. “तिला नाव सांगा,” ती म्हणाली. मग जाता जाता वळून, “तिला सांगा, मी बाळाला घेऊन येते.” कधी, ते ती बोलली नाही. 

मी दुपारी पोचले. बिरागो खोपटापुढे कसावा सोलत होती. बोटं पूर्वीपेक्षा बरीच सुटी दिसत होती; औषध घेत होती म्हणजे. मी बसायच्या आधीच नाव सांगून टाकलं, वोफांचा चेहरा सांगितला, कोला तोंडातून बाहेर पडायची राहिली ते सांगितलं. ती हसत सुटली. डोळे पुसले, परत हसली.

“ओपोंग? तो मुका ओपोंग? वेड लागलं का त्याला!”

“डुफी बाळाला घेऊन येते म्हणाली.”

ती हसायची थांबली. सुरी खाली ठेवली, हात मांडीखाली घातले.

“बोटं कशी आहेत तिची?” तिने विचारलं.

“बाळाची? सरळ आहेत. कोवळ्या काकड्यांसारखी.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी जसं मासळीवाल्याकडे बघते तसं.

“सकाळी बघितलीस,” ती म्हणाली, “की दुपारी?”